'पानी' म्हणेपर्यंत

लहानपणी अपर्णा कडुनिंबाखाली दिवेलागणीपर्यंत एकटी बसून राहिली होती, ही गोष्ट पांढरीपांड्यांच्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती की मोठ्या जावयालासुद्धा ती पाठ होती. भोपाळच्या तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टर्समागच्या मैदानात पोरं विष-अमृत खेळत होती. ज्याच्यावर राज्य, त्यानं शिवून 'विष' म्हटलं की शिवलेल्यानं जागच्या जागी बसायचं, आणि आपल्यातल्याच कुणीतरी येऊन, हात लावून 'अमृत' म्हणेपर्यंत हलायचं नाही, एवढाच खेळ. राज्य मंजूषावर होतं. तिनं धाकट्या बहिणीला शिवलं, तेवढ्यात कुणाच्या तरी घरी टीव्हीवर मॅच सुरू झाली आणि सगळी पोरं तिकडे पळाली. अपर्णा राहिली बसून. मुंग्या चावल्या, भूक लागली, आईनं खिडकीतून हाका मारल्या, पण बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत. शेवटी वडील, नारायणराव, ऑफिसातून आले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून 'अमृत' म्हटलं, तेव्हा कुठे ती उठली आणि मग रडली.

हे सांगताना सगळे हसत. मंजूषा सगळ्यांत जास्त हसे, कारण या गोष्टीतली तिची बाजू जरा लंगडी होती आणि हसण्यात ती झाकली जाई. अपर्णाही हसे. आपण नियम मोडला नव्हता, याचा तिला एवढी मोठी झाल्यावरही थोडा अभिमानच होता.

मंजूषा आता मंडीदीपच्या एका कारखान्यात ट्रेनिंग अधिकारी होती. कारखाना गोठवलेल्या मटारचा. हिवाळ्यात जबलपूरकडून ट्रकच्या ट्रक माल यायचा, बायका फिरत्या पट्ट्यासमोर उभ्या राहून दाणे निवडायच्या आणि पलीकडच्या मोठ्या यंत्रात ते बघता बघता खड्यासारखे कडक व्हायचे. एवढी थंडी करायला अमोनिया लागतो. पाइपात आहे तोवर तो मुकाट काम करतो. बाहेर आला की डोळे, नाक, घसा, सगळं जाळत सुटतो. यंत्राच्या सगळ्यांत जवळच्या निवडणीच्या लाइनवर अपर्णा सुपरवायझर होती. बीएस्सी होऊन ती स्पर्धा परीक्षांच्या क्लासांत वर्षं घालवत होती, तेव्हा मंजूषानंच तिला तिथे चिकटवून दिलं होतं. सकाळी दोघी एकाच बसनं जायच्या. डबा मंजूषा भरायची आणि त्यातला चांगला भाग अपर्णा खायची.

या नोकरीत मंजूषाला खरी चिंता होती ती एकच. उद्या पाइप फुटला तर ही माणसं, आणि त्यांच्यात आपली बहीण, धडपणे बाहेर येतील का? आदल्या वर्षी साधा सराव ठेवला होता. भोंगा वाजला, कुणीतरी 'गैस' म्हणून ओरडलं आणि अख्खा कारखाना एका दाराकडे धावला. भोपाळात हा शब्द मोठ्यानं उच्चारला की काय होतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. चौऱ्याऐंशीत जे जन्मलेही नव्हते त्यांच्याही पायांना पळायचं ठाऊक आहे. घरोघरच्या आज्यांनी तेवढं शिकवून ठेवलं आहे. त्या चेंगराचेंगरीत एक बाई खाली पडली, तिच्या अंगावरून माणसं गेली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं. गॅसचा एक कणही सुटलेला नसताना हे झालं होतं. प्लांटचे मॅनेजर गिरीश सक्सेना मंजूषाला बोलावून एवढंच म्हणाले, की बाकी सगळं नंतर शिकवा, आधी यांचं पळणं बंद करा.

मंजूषानं हे फारच मनावर घेतलं. वडीलही घरी तेच सांगत आले होते. चौऱ्याऐंशीच्या त्या रात्री जे धावत सुटले त्यांच्या छातीत विष जास्त गेलं. ओलं फडकं तोंडावर घेऊन जे घरात थांबले त्यांतले बरेच वाचले, असं नारायणराव नेहमी म्हणत. त्यांचं म्हणणं खोटं नसेलही. पण दारं लावून घरात थांबणं वेगळं आणि गॅस जिथे सुटला त्याच खोलीत थांबणं वेगळं, हे कुणालाही कळावं. मंजूषालाही कळत होतं. पण माणसाच्या डोक्यात एकदा मोडलेलं हाड शिरलं की दुसरं काही शिरत नाही.

तिनं आधी भाषणं दिली; बायका डोळे उघडे ठेवून झोपल्या. मग खेळातून शिकवण्याचा एक ऑनलाइन कोर्स केला आणि भिंतीएवढी सापशिडी छापून घेतली. गॅसचा मुखवटा घातला तर शिडी, धावलात तर साप. खेळ रंगला, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर लोकांना फासा लक्षात होता, मुखवट्यांचं कपाट कुठे आहे ते कुणालाच नाही. मग बाहेरून टॅब्लेटवरचा एक खेळ मागवला. त्यातला धूर इतका देखणा होता की बायका मुद्दाम गॅसमध्ये जाऊन बघायच्या. मंजूषा अगदी मेटाकुटीला आली. खेळ निवडणं म्हणजे साडी निवडणं नव्हे, आवडला की झालं असं नसतं, हे ती कोर्समध्ये शिकली होती आणि सगळ्यांना बजावतही असायची. खेळ संपल्यावर माणसाच्या अंगात काय उरतं, ते बघून खेळ निवडायचा. वाक्य बरोबर होतं, यात वादच नाही.

संक्रांतीला घरी पाहुणे आले होते. तिळगूळ झाला आणि कुणीतरी पुन्हा ती कडुनिंबाची गोष्ट काढली. सगळे हसले. या वेळी मंजूषा हसली नाही. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुंग्या चावल्या तरी न हललेली पोर तिच्यासमोर बसून तिळाचा लाडू फोडत होती.

असा तो खेळ जन्माला आला. कारखान्यातल्या हिंदी बोलणाऱ्या बायकांनी त्याला त्यांचं नाव दिलं, बर्फ-पानी, कारण लहानपणी त्या तोच खेळ त्या नावानं खेळल्या होत्या. भोंगा वाजला की मंजूषाची दोन माणसं पिवळी जाकिटं घालून लाइनींमधून फिरायची. ती म्हणजे गॅस. न शिवलेल्यांनी चालत बाहेर जायचं, ज्याला शिवलं तो बर्फ. त्यानं तोंडावर ओलं फडकं धरून, गुडघ्यांत डोकं घालून बसायचं. प्रत्येक लाइनीत एक बाई 'पानी' असायची. तिनं मुखवटा चढवून यायचं, पहिलीला हात लावून 'पानी' म्हणायचं, पहिलीनं उठून दुसरीला, दुसरीनं तिसरीला, आणि अशी सगळी रांग चालत दाराबाहेर. सुपरवायझर सगळ्यांत शेवटी. धावलं तर गुण कमी. हात लागायच्या आत कुणी उठलं तर अख्खी लाइन बाद. जी लाइन सीझनभर पहिली राहील तिला जवळच्या भोजपूरच्या देवळाची सहल, पुरी-भाजीसकट.

पहिल्या दोन-चार वेळा लोकांनी फसवाफसवी केली. हात लागल्याचं खोटंच सांगून बायका उठायच्या. मग मंजूषानं खेळाला आणखी धार लावली. पळापळीत माणसं कुणाच्याही आरोळीवर धावतात, तेव्हा आरोळीवर विश्वास ठेवायचा नाही, फक्त हातावर ठेवायचा, हेही शिकवून टाकू म्हणून ती वरच्या गॅलरीतून माइकवर बायकांना चकवायला लागली. उठा, झाला खेळ. उठा, चहा आला. उठा, खरंच गळती झालीय, पळा. जी उठेल तिची लाइन बाद. हॉलमध्ये हशा पिकायचा. हळूहळू बायका अशा तयार झाल्या की मंजूषानं घसा बसेपर्यंत ओरडावं आणि खालून एक डोकं वर होऊ नये. अपर्णाची लाइन तर दगडी होती. एकदा मंजूषानं मराठीतून, अगदी रडवेला आवाज काढून, "अपर्णा, आईला चक्कर आलीय गं, ऊठ," असंही म्हणून पाहिलं. अपर्णानं मान न उचलता फक्त एक बोट वर करून नकारार्थी हलवलं. सक्सेनासाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

एक प्रश्न तेव्हा पिंकीनं विचारला होता. ती अपर्णाच्या लाइनीतली 'पानी'. खऱ्या वेळी पिवळं जाकीट कुठून येणार, मग शिवलं गेल्याचं कसं कळायचं? मंजूषाला प्रश्न फार आवडला. तिनं पिंकीचं कौतुक केलं आणि माइकवरून सगळ्यांना सांगितलं, की वास आला म्हणजे शिवलं असं समजायचं. हे वाक्य तिला पुढे जन्मभर ऐकू येणार होतं, पण त्या दिवशी ते किती सोपं आणि नीटनेटकं वाटलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

फेब्रुवारीतली सकाळ होती. मटारचा जोर अजून ओसरला नव्हता. मंजूषा आणि सक्सेनासाहेब वरच्या गॅलरीत चहा घेत उभे होते. पाहुण्यांना कारखाना दाखवायला तिथे काचेची भिंत होती आणि तिच्यातून सगळा हॉल दिसायचा. भोंगा वाजला. दाराजवळच्या लाइनी हातातलं काम टाकून शिस्तीत बाहेर निघाल्या. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. यंत्राजवळच्या अपर्णाच्या लाइनीतल्या बायकांनी मात्र एकमेकींकडे पाहिलं, ओढण्या नळाखाली भिजवल्या, तोंडाला लावल्या आणि एकेक करून खाली बसल्या. पार गुडघ्यांत डोकी घालून, हात एकसारखे. मंजूषाची छाती अभिमानानं भरून आली. साहेबांनी आपल्याला न सांगता अचानक सराव ठेवला, आणि बघा, कशा बसल्यात.

सक्सेनासाहेबांनी चहाचा कप काचेशी ठेवला आणि हसून तिच्याकडे वळले.

"मैडम, कमाल है. आज ड्रिल रखी और मुझे बताया तक नहीं?"

मंजूषाच्या ओठांवर अगदी हेच वाक्य होतं. ते तिथेच राहिलं.

"मैंने नहीं रखी, सर," ती म्हणाली. "मुझे लगा, आपने रखी है."

दोघं एकदमच काचेकडे वळले. यंत्राच्या दाराखालून पांढरट काहीतरी बाहेर येत होतं, पिठाच्या गिरणीत उडतं तसं, आणि जमिनीलगत पसरत बायकांच्या पावलांपर्यंत आलं होतं. पिवळं जाकीट घातलेलं कुणीही हॉलमध्ये नव्हतं.

क्षणभर मंजूषाला काही ऐकूच येईना, भोंगासुद्धा नाही. सक्सेनासाहेब फोन कानाला लावून जिन्याकडे धावले, यंत्र बंद करा, पाइप बंद करा असं ओरडत. मंजूषानं माइक ओढला.

"उठो," ती ओरडली. "सच में गैस है. उठो, बाहर जाओ, भागो."

खाली एकही डोकं वर झालं नाही.

तिनं पुन्हा सांगितलं. हे खोटं नाही, खेळ नाही, देवाशप्पथ खेळ नाही. एकदोघींच्या माना हलल्या, त्यांनी शेजारणीकडे तिरक्या नजरेनं पाहिलं, आणि शेजारीण हलत नाही असं बघून पुन्हा मान खाली घातली. सहल अगदी तोंडाशी आली होती. आपल्यामुळे लाइन बाद झाली असं कुणाला ऐकून घ्यायचं होतं? आणि मंजूषाच्या लक्षात आलं की आपण आता जे जे बोलू ते सगळं आधी बोलून झालेलं आहे. उठा म्हणून झालंय. पळा म्हणून झालंय. खरंच गळती झालीय, हेसुद्धा म्हणून झालंय, आणि त्यावर सगळ्या हसल्याही होत्या. आता खरं सांगायला तिच्याजवळ एकही शब्द शिल्लक नव्हता.

"अपर्णा, ऊठ," ती मराठीतून ओरडली, आणि तिचा आवाज खरोखरच रडवेला झाला. "मी पाया पडते गं तुझ्या. ऊठ."

अपर्णानं एक बोट वर केलं आणि हलवलं. तिचे खांदे हिसके देत होते. ती खोकत होती की हसत होती, ते काचेतून कळत नव्हतं.

मंजूषा जिना कसा उतरली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. हॉलच्या दाराशी पिंकी उभी होती. ती 'पानी', तिचं काम तिनं चोख केलं होतं. बाहेर येऊन मुखवटे घ्यायला ती दाराजवळच्या टेबलापाशी गेली होती, नेहमी जात असे तशी. टेबल रिकामं होतं. सरावाच्या दिवशी वेळ वाचावा म्हणून मंजूषा मुखवटे आधीच काढून तिथे मांडून ठेवायची. एरवी ते कपाटात असत, आणि कपाट आत होतं, यंत्राच्या शेजारी. मुखवट्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम पिंकीला पक्का ठाऊक होता, म्हणून ती गेली नव्हती. मॅडम, मास्क कुठे आहेत, एवढंच ती विचारत होती.

मंजूषानं गळ्यातली शाल बादलीत बुडवली, तोंडाभोवती आवळली आणि श्वास कोंडून आत शिरली. डोळ्यांत कुणीतरी मिरची चोळावी तसं झालं. नुसतं ओढून कुणी उठणार नव्हतं, ओढायला तेवढा वेळही नव्हता. या बायकांना उठवायचा एकच मार्ग जगात होता आणि तो तिनंच बनवला होता. तिनं पहिल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला, शाल खाली केली आणि म्हणाली, "पानी."

बाई उठली. अगदी ताडकन. तिनं दुसरीला हात लावला, दुसरीनं तिसरीला. पानी, पानी, पानी. रांग उभी राहिली आणि चालायला लागली. चालायला! डोळ्यांतून धारा लागलेल्या, छाती भात्यासारखी चाललेली, आणि तरी एकही बाई धावत नव्हती, कारण धावलं की गुण कमी. मंजूषा दोन्ही हातांनी त्यांना दाराकडे ढकलत होती, पळा पळा म्हणत होती, आणि त्या तिच्याकडे अशा नजरेनं बघत होत्या की मॅडम अजूनही चकवतायत. तिचा कोंडलेला श्वास संपला. तिनं एक घोट हवा घेतली, आणि तिला शुद्ध आली तेव्हा ती बाहेर उन्हात, गवतावर पालथी पडलेली होती.

सगळ्यात आधी तिनं बायकांची तोंडं बघितली. शेवटून दुसरी गुडघे टेकून ओकत होती. तिनं हात लावून उठवायची अजून एक जण मागे होती, पण त्याआधीच तिचा तोल गेला होता, शेजारणींनी तिला ओढत बाहेर आणलं होतं आणि शेवटचा हात लावायचा राहिला होता. सुपरवायझर शेवटी उठायची.

अपर्णाला यंत्रावरच्या माणसांनी आणलं. ती माणसं आपापले मुखवटे घालून मागच्या दारानं शिरली होती. त्यांनी तिला दोघांत धरून उचललं होतं, तिचे डोळे मिटलेले होते आणि ओढणी अजून मुठीत होती. गवतावर ठेवल्यावर तिच्यावर पाणी ओतलं, बादल्यांनी ओतलं. ती जिवंत होती. मंजूषा तिच्याशेजारी गुडघ्यावर बसून पाणी ओतणाऱ्याला आणखी आणखी म्हणत राहिली.

कुणी मेलं नाही. हे सगळ्यांनी एकमेकांना इतक्या वेळा सांगितलं की जणू त्यामुळे बाकी सगळं फिटलं. अपर्णाच्या लाइनीतल्या बायका इस्पितळातून एकेक करून घरी गेल्या. अपर्णा राहिली. घसा भाजला होता, तो हळूहळू सुधारेल असं डॉक्टर म्हणाले. डोळ्यांबद्दल त्यांनी पट्ट्या काढल्यावर बोलू असं सांगितलं आणि नारायणरावांच्या पाठीवर हात ठेवला. नारायणराव बाकावर बसून होते. त्यांनी मोठ्या मुलीला एका शब्दानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी सक्सेनासाहेबांचा फोन आला. आवाजात आनंद होता. हेड ऑफिसची माणसं येऊन गेली होती, त्यांनी कॅमेऱ्यातलं सगळं चित्रण पाहिलं होतं आणि तोंडात बोटं घातली होती. एवढी मोठी गळती आणि एकही बाई धावली नाही, एकीलाही खरचटलं नाही. मंजूषानं बनवलेला हा खेळ आता बाकीच्या सगळ्या कारखान्यांत न्यायचा असं ठरलं होतं. पुढच्या महिन्यात तिनं जाऊन सगळ्यांना शिकवावं.

मंजूषाला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. मग तिला हसू येईल की रडू, तेच कळेना. इस्पितळाच्या त्या लांबलचक गॅलरीत ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "मैंने उन्हें बैठना सिखाया. निकलना तो सिखाया ही नहीं."

साहेब म्हणाले, की तुम्ही दमला आहात, विश्रांती घ्या, नंतर बोलू. तिनं फोन बंद केला. तिला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं, की आपण त्या बायकांना तोंडानं काय सांगितलं त्याला काही किंमत नव्हती. गुण बसण्याला होते. त्या बसायला शिकल्या. सगळ्यांत हुशार होती ती सगळ्यांत पक्कं शिकली.

अपर्णाच्या खोलीत दुपारचं ऊन खिडकीतून पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. तिच्या डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या आणि केस आईनं दोन वेण्यांत घालून दिले होते, शाळेतल्यासारखे. मंजूषाची पावलं ऐकून तिनं मान वळवली.

"ताई?" तिचा आवाज घोगरा, अगदी परक्या माणसाचा होता. "तू माइकवर किती नाटक केलंस गं. पण मी नाही उठले."

मंजूषा खुर्चीत बसली.

"शेवटी ते लोक आले ना, मला उचलायला, तेव्हाही मी हात झटकले त्यांचे," अपर्णा सांगत होती. मध्ये मध्ये तिला दम लागत होता. "त्यांनी 'पानी' म्हटलंच नव्हतं. मग घशात एकदम आग लागली, आणि पुढचं नाही आठवत. आमची लाइन पहिली आली ना?"

मंजूषानं आजवर बहिणीला पुष्कळदा खोटं सांगितलं होतं, गमतीत, लाडात, खेळात. आता एक खोटं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. हो म्हणावं, भोजपूरला जाऊ म्हणावं.

"तो खेळ नव्हता, अपर्णा," ती म्हणाली. "मी खरंच बोलावत होते तुला. पहिल्या हाकेपासून खरं होतं."

अपर्णाची बोटं चादरीवर चाचपडत राहिली. मंजूषा तिच्या रागाची, रडण्याची वाट बघत होती. ते आलं असतं तर तिनं ते पदरात घेतलं असतं.

"उद्या पट्ट्या काढणार आहेत," शेवटी अपर्णा म्हणाली. "डॉक्टर म्हणतील, डोळे उघडा. तू असशील ना? तू सांगितलंस की उघडीन." ती थांबली. "पण हात लावून सांग, ताई. नुसतं बोललीस तर आता मला कळत नाही, खरं की खोटं ते."

मंजूषानं हात पुढे केला आणि बहिणीच्या चाचपडणाऱ्या बोटांवर ठेवला. ती बोटं लगेच थांबली आणि निमूट झाली. पुढे काय म्हणायचं असतं ते दोघींनाही लहानपणापासून ठाऊक होतं, पण मंजूषाला तो शब्द म्हणायचा धीर झाला नाही. अपर्णा मान किंचित वर करून, न हलता, वाट बघत राहिली.